नाव नावाचं शहर

वूच म्हणजे नाव. पाण्यावर तरंगते ती.
पण आमच्या शहरात नदी कुठे दिसत नाही.
गिरणीमालकांनी ती विटांच्या कमानीखाली गाडली,
वर रस्ता केला, रस्त्यावर ट्राम सोडली.
आमची नाव तेव्हापासून कोरड्यावर.

रविवारची रात्र. शाळा क्रमांक बहात्तर, व्यायामशाळा.
बास्केटबॉलच्या जाळीखाली जोडलेली टेबलं
आणि त्यांवर पालथी केलेली पेटी.
दोन नावं: यादविगा व्रोना, सेवेरिन दुदेक.
दोन चौकोन. एकातच फुली मारायची,
आणि फुलीच्या रेघांनी एकमेकींना
चौकोनाच्या आतच छेदायचं.
सात लाखांच्या शहराचा महापौर
एवढ्याशा छेदावर टांगलेला.

मी दुदेकांच्या समितीनं पाठवलेला.
समोर लुत्सिनाबाई, व्रोनांच्या बाजूच्या,
एकतीस वर्षं सूतगिरणीत काढलेल्या.
गिरणी गेली, तिथे आता कॉफी मिळते;
इंचात किती धागे ते मोजायचं पितळी भिंग
बाईंच्या गळ्यात राहिलं.

लोक कागदावर काय काय करतात.
एकानं दोन्ही चौकोनांत फुल्या मारल्या,
दोन नावांवर पाय ठेवून मधल्या मधे बुडाला.
एकानं तिसरं नाव लिहिलं,
बुर्चिक, आणि कंसात: कुत्रा आहे पण घरी वेळेवर येतो.
एकीनं विचारलं, पाचव्या मजल्यावर गरम पाणी कधी?
तिचं मत बाद. प्रश्न मात्र
बोग्दाननं, आमच्या अध्यक्षानं, मोठ्यांदा वाचून दाखवला.
एका कागदावर बीटच्या सुपाचा डाग होता.
तो वैध.

साडेबाराला फोन वाजला: फरक दोनशेचा.
दीडला: एकसष्ट.
दोन वाजून गेल्यावर बोग्दान फोन उचलायचं टाळू लागला.

तेव्हा तो कागद निघाला.
व्रोनांच्या नावापुढे फुली, थरथरत्या हाताची,
बहुधा म्हाताऱ्या हाताची,
पहिली रेघ नीट, दुसरी घसरलेली.
सगळे वाकले. कुणी आत म्हणालं, कुणी काठावर.
लुत्सिनाबाईंनी भिंग लावलं,
श्वास धरला, सोडला.
"बाहेर," म्हणाल्या.
बोग्दान म्हणाला, "बाई, हे तुमच्याच..."
"माहीत आहे कुणाचं ते.
आडवा धागा जिथं चुकला तिथं चुकला."
आणि स्वतःच्या हातानं कागद
बादच्या गठ्ठ्यावर ठेवला,
कडा जुळवून.

अकराच्या सुमाराला
तसाच एक माझ्या हातून गेला होता,
दुदेकांच्या गठ्ठ्यात.
रेघा कुठे भेटल्या ते मी पाहिलं नव्हतं.
म्हणजे पाहिलं होतं.
गठ्ठे आता दोऱ्यानं बांधलेले, लाखेनं बंद.
मी तोंड उघडलं आणि म्हणालो,
खिडकी लावू का, गार वारा येतोय.

पहाटे निकाल कळला.
दुदेक. नऊ मतांनी.
नवांतलं एक मला माहीत आहे.
उरलेल्या आठांची नावं
इतर शाळांतले कोण कोण जाणत असतील,
की कुणीच नाही, की नऊच्या नऊ स्वच्छ
आणि मीच एकटा?

ट्रामच्या थांब्यावर लुत्सिनाबाई भेटल्या.
"जिंकलात," म्हणाल्या, कडवटपणा नव्हता,
आणि थर्मासच्या झाकणात चहा दिला.
व्रोना खांबावरून हसत होत्या,
त्यांच्या गालाचा एक कोपरा वाऱ्यानं सुटलेला.
बाईंनी बुटाच्या टाचेनं
रस्त्यातल्या लोखंडी जाळीवर ठोकलं.
"ऐकू येतंय?"
मी वाकलो. खाली, अंधारात,
काहीतरी वाहत होतं, घाई नसल्यासारखं.
"नदी," म्हणाल्या. "गाडली म्हणून
काही ती थांबली नाही."

अकरा नंबरची ट्राम आली. त्या चढल्या.
मीही त्याच ट्रामचा होतो,
पण झाकण हातात घेऊन तिथेच उभा राहिलो.